स्नोशू घातल्यावर पाय बर्फात का रुतत नाही? ट्रेकआधी ते कसे तपासायचे?

डिसेंबर लागला की मुंबई-पुण्याचे अनेक ट्रेकर उत्तराखंडमधल्या केदारकंठाकडे वळतात. साधारण १२,५०० फूट उंचीच्या या शिखराची वाट शेकडो पावलांनी तुडवून घट्ट झालेली असते. तिथे बुटांना मायक्रोस्पाइक्स लावले की सहसा काम भागतं. पण रात्रीत ताजा बर्फ पडून वाट बुजली, तर तेच पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतात. अशा भुसभुशीत बर्फासाठी स्नोशू असतात.

स्नोशू काम कसं करतात?

समजा, ट्रेकरचं वजन ६५ किलो आणि पाठीवरची सॅक १० किलो आहे. पाऊल उचललं की हे ७५ किलो एकाच पायावर येतात. बुटाच्या तळव्याचं क्षेत्रफळ २५० चौरस सेंटीमीटर धरलं, तर दर चौरस सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम भार पडतो. स्नोशूचं क्षेत्रफळ १,००० धरलं, तर तोच भार ७५ ग्रॅमवर येतो. वजन तेवढंच राहतं, फक्त ते पसरतं. तरीही ताज्या बर्फात स्नोशू काही इंच खाली जातातच.

ही कल्पना फार जुनी आहे. इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या एका हिमनदीत २००३ मध्ये सापडलेला बर्च लाकडाचा स्नोशू सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा आहे. आज लाकूड आणि कातडी पट्ट्यांऐवजी ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वापरलं जातं.

चाचणी कशी घ्यायची?

पहिली चाचणी तळाजवळच्या सपाट जागी घ्यावी. मुक्कामापासून दोन किलोमीटर दूर पट्टा तुटला, तर परतीचं प्रत्येक पाऊल रुतत टाकावं लागतं.

१. वजन: स्नोशूचा आकार निवडताना शरीराचं वजन, कपडे आणि भरलेली सॅक यांची बेरीज धरावी. चाचणीही भरलेली सॅक घेऊनच करावी.

२. पट्टे: हातमोजे न काढता पट्टे बांधता आणि सोडता आले पाहिजेत. वीस मिनिटं चालून थांबावं. पट्टे सैल झालेत का, टाच बाजूला सरकते का, ते पाहावं.

३. चढ: पायाच्या चवड्याखालचे धातूचे दात बर्फात रुततात का, ते तपासावं. काही स्नोशूंना टाचेखाली उचलता येणारी कडी असते. तिच्यामुळे खड्या चढावर पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो.

४. आडवा उतार: खरी परीक्षा इथे होते. गोल नळीच्या चौकटीचे स्नोशू इथे सहज घसरतात. करवतीसारख्या दातेरी कडा असलेले जास्त चांगली पकड घेतात.

५. वळणं: मागे पाऊल टाकलं की स्नोशूची शेपटी बर्फात अडकते आणि माणूस पडतो. म्हणून छोटी पावलं टाकत गोल फिरायचं. पडल्यावर एकट्याने उठण्याचा सरावही इथेच करून घ्यावा.

स्नोशू काय करू शकत नाहीत?

टणक, निसरड्या बर्फाच्या खड्या उतारावर क्रॅम्पॉनच लागतात. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. स्नोशूमुळे मळलेली वाट सोडून कुठेही जाता येतं, पण हिमस्खलनापासून ते वाचवत नाहीत. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. स्वतः सपाटीवर चालत असलात, तरी वरच्या उतारावरून बर्फ खाली येऊ शकतो. त्यामुळे स्थानिक गाइड, हवामानाचा अंदाज आणि ताज्या बर्फाची माहिती घेतल्याशिवाय वाट सोडू नये.

पाचही चाचण्यांत जोडी पास झाली, तर ती पायांसाठी योग्य आहे एवढंच कळतं. समोरचा उतार सुरक्षित आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.