शेजारधर्म आणि कायदा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा पेशवाईतल्या स्त्रियांवर लिहावे असे मनात होते. पण लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी उभ्या राहिल्या. म्हणून आजचा हा इतिहास राजांचा नाही आणि लढायांचाही नाही. दुसऱ्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाचे हाल होताना दिसले तर बाहेरच्याने बोलावे की नाही, या एका साध्या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

ही २००९ सालची गोष्ट. दर गुरुवारी भजनाला येणाऱ्या आजी दोन महिने दिसल्या नाहीत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच वर गेले. त्यांच्या मुलाने दार अर्धेच उघडले. आत कॉटवर आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा डाग होता. "मोरीत पाय घसरला हो," त्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, मुलाकडे होती. खाली येऊन आम्ही चौघीजणी जिन्यात कुजबुजलो. एक म्हणाली, घरोघरी मातीच्या चुली. दुसरी म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही दुसरी म्हणजे मीच. चैत्रात त्या मंडळींनी बिऱ्हाड हलवले. घर आजींच्या नावावर होते आणि ते विकले गेले, हे मागाहून कळले. आजींना कुठे नेले ते मात्र आजतागायत कळलेले नाही.

पुष्कळ दिवस मी मनाची समजूत घातली, की परक्याच्या घरात आपण काय करणार, कायदा थोडाच आपल्या बाजूचा असतो! पुढे हा विषय वाचू लागले आणि ती समजूत खोटी ठरली.

पाहिलेले सांगितलेच पाहिजे, असे कायद्याने बजावण्याची ही रीत प्रथम मुलांसाठी आली, म्हाताऱ्यांसाठी नव्हे. १९६२ साली अमेरिकेत डेन्व्हर येथील डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय मासिकात एक लेख प्रसिद्ध केला. पडून हाड मोडले असे सांगून आईबाप ज्या मुलांना दवाखान्यात आणतात, त्यांतली काही मुले पडलेली नसतात, घरातच मार खाल्लेली असतात, हे त्यांनी मांडले. डॉक्टरांना हे दिसत नव्हते असे नाही. पण प्रतिष्ठित आईबापांवर संशय घेण्याचा संकोच आड येत होता. त्या लेखाने एवढी खळबळ उडाली, की पाचेक वर्षांत तिथल्या सर्व राज्यांनी कायदे केले. संशय आला तरी डॉक्टरने कळवलेच पाहिजे, पुरावा शोधणे हे त्याचे काम नव्हे, असे त्यांचे सूत्र होते.

म्हाताऱ्यांची पाळी त्यानंतर आली. १९७५ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून 'ग्रॅनी बॅटरिंग' म्हणजे आजीबाईंना होणाऱ्या मारहाणीचा विषय काढला. १९७८ पासून अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे साक्षी होऊ लागल्या. फ्लोरिडाचे प्रतिनिधी क्लॉड पेपर हे तेव्हा वृद्धांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. ते स्वतःच सत्तरी ओलांडलेले! त्यांच्या समितीने १९८१ साली अहवाल दिला आणि हे दुखणे घराच्या चार भिंतींत लपलेले असते, ही गोष्ट देशापुढे आणली. मग एकामागून एक राज्यांनी मुलांच्या कायद्याचाच साचा वृद्धांसाठी घेतला.

या कायद्यांत राज्याराज्यांप्रमाणे फरक आहेत. कॅलिफोर्नियात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्यावर कळवण्याचे बंधन आहे आणि ते न पाळणे हा गुन्हा आहे. २००७ सालापासून तिथे बँकेतल्या नोकरांवरही ते बंधन आले. म्हाताऱ्याचा छळ पुष्कळदा पैशापासून सुरू होतो, आणि थरथरत्या हाताची सही व शेजारी उभा असलेला घाईचा नातेवाईक हे दृश्य सर्वांत आधी बँकेच्या खिडकीतूनच दिसते. फ्लोरिडा आणि टेक्सास येथे तर कोणाही माणसाने कळवलेच पाहिजे असा दंडक आहे. उलट न्यूयॉर्कने असे सरसकट बंधन घातलेले नाही.

न्यूयॉर्कने ते का घातले नसावे, असे आपल्याला वाटेल. या कायद्यांना तिकडे सुरुवातीपासून विरोधही झाला, आणि तो विरोध करणारे काही म्हाताऱ्यांचे वैरी नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की सत्तर वर्षांची बाई म्हणजे सात वर्षांची मुलगी नव्हे. तिला स्वतःचे मत असते. मुलाला तुरुंगात पाठवण्यापेक्षा चार बोल सोसणे ती पत्करील. किंवा सरकारी माणूस आला तर आपली रवानगी एखाद्या परक्या आश्रमात होईल, या धास्तीने डॉक्टरकडे जाणेच बंद करील. मग कायदा केला तो कोणासाठी?

मला स्वतःला जपानने काढलेला मार्ग विचार करण्याजोगा वाटला. तिथे २००५ साली याविषयी कायदा झाला आणि २००६ च्या एप्रिलपासून तो लागू झाला. घरात सांभाळणाऱ्याकडून वृद्धाचा छळ होत असून जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका दिसला, तर पाहणाऱ्याने गावच्या नगरपालिकेला कळवलेच पाहिजे. धोका तेवढा मोठा नसेल तर कळवण्याचा प्रयत्न करावा, एवढेच सांगितले आहे. खबर पोलिसांकडे नव्हे, नगरपालिकेकडे जाते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सांभाळून थकलेल्या सुनेला किंवा मुलालाही मदत द्यावी, असा त्या कायद्याचा रोख आहे. त्याच्या नावातच सांभाळणाऱ्यांना आधार देण्याचा उल्लेख आहे.

आता आपल्याकडे वळू. आईबापांना पोसण्याची जबाबदारी १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगा आणि मुलगी या दोघांवरही टाकली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, लग्न झालेली मुलगीही या कर्तव्यातून सुटत नाही, असा निकाल दिला. पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने साठीच्या पुढच्या माणसाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्यात सांगितले आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन मग पाठ फिरवली, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते.

पण शेजाऱ्याने कळवलेच पाहिजे, असे कलम त्या कायद्यात नाही. खून, दरोडा अशा ठरावीक गुन्ह्यांची खबर देणे आपल्याकडे फौजदारी संहितेने प्रत्येकावर बंधनकारक आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर न देणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा ठरला. घरातल्या म्हातारीच्या अंगावरच्या डागासाठी मात्र असे बंधन या कायद्यांनी घातलेले नाही.

बंधन नसले तरी वाट मात्र आहे, आणि तीच मला २००९ साली ठाऊक नव्हती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा लाभ फक्त सुनेलाच मिळतो अशी आपली समजूत असते. तो घरातल्या आईलाही मिळतो. त्याचे चौथे कलम सांगते, की घरात अशी हिंसा होत आहे असे मानायला ज्याला कारण आहे, अशा कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे ज्या भीतीने आम्ही चौघी जिन्यात गप्प राहिलो, ती भीती कायद्याने तीन वर्षे आधीच काढून टाकली होती! तसेच २००७ च्या कायद्याप्रमाणे, वृद्धाला स्वतः जाणे जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदलेली संस्था निर्वाहासाठी त्याच्या वतीने न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. नोंदलेल्या महिला मंडळालाही हे करता येईल, हे भगिनींनी ध्यानात ठेवावे. २०२१ पासून ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही देशभर सुरू झाला आहे.

इतका सगळा इतिहास वाचून मी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते. कायदा सक्ती करो वा न करो, खबर देण्याआधी एक पायरी असते आणि ती कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. त्या म्हाताऱ्या माणसाला एकटे गाठून, त्याच्याजवळ बसून, "काय झाले, आणि तुम्हाला काय हवे आहे?" असे विचारणे. मी आजींना मुलासमोर विचारले आणि त्याच्यासमोर जे उत्तर मिळायचे तेच मिळाले. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी पुन्हा जिना चढायला हवा होता. अवघ्या अठरा पायऱ्या.

आपल्या मंडळाच्या हजेरीपटावर एखाद्या वयस्क सभासद भगिनीच्या नावापुढे सलग दोन गुरुवार फुली पडली, तर तिसऱ्या गुरुवारी भजन सुरू होण्यापूर्वी दोघींनी तिच्या घरी जाऊन यावे, असा ठराव यंदा मांडण्याचा माझा विचार आहे. ठराव मांडायला कोणी अनुमोदन देईल ना?