निकालावर अनुदान : एका जुन्या प्रयोगाचा धडा



निकाल लागला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती टक्के?’ शाळेची पारखही आपण बहुधा याच आकड्यावरून करतो. हा प्रश्न गैर नाही. परंतु शाळेचे मोल केवळ परीक्षेच्या निकालावर ठरवले तर शिक्षणाचे काय होते, याचा एक मोठा प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. तो आपण सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

1862 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांसाठी नवी नियमावली आली. सरकारी पैशाचा हिशेब चोख असावा, हा तिचा हेतू. मुलामागे हजेरीबद्दल 4 शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेबद्दल 8 शिलिंग अनुदान ठरले. मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे 2 शिलिंग 8 पेन्स बुडत. त्यासाठी अभ्यासाच्या सहा पायऱ्या आखल्या गेल्या. त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणत. इयत्तेसाठी हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या पद्धतीमुळे मागे राहणाऱ्या मुलाकडेही शिक्षकाला लक्ष द्यावे लागले. पण ते लक्ष घोकून घेण्यापुरतेच राहिले. ज्या विषयाला पैसे नाहीत, तो विषय वर्गातून मागे पडला. इतिहास व भूगोल यांची हीच गत झाली. पास झालेल्या हुशार मुलाला आणखी पुढे नेण्यात शाळेचा काही लाभ नव्हता. मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करीत. प्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळी शाळा निरीक्षक होते. शिक्षण यांत्रिक होत चालले आहे, असा इशारा त्यांनी आपल्या अहवालांतून वारंवार दिला. अखेर 1890 पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्यात आली.

दरम्यान आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाला निकालाची फूटपट्टी लागली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावर बोट ठेवले. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, तेथे निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही, असे त्यांनी सांगितले. अशा वस्तीत पदरमोड करून शाळा काढणार कोण? याच आयोगाने मुस्लिम शिक्षणासाठीही खास उत्तेजनाची शिफारस केली. जो मागे आहे त्याला आधी हात द्यावा लागतो, निकाल नंतर मागावा लागतो, हेच यातून दिसते. पुढे 1904 च्या शैक्षणिक ठरावात सरकारनेच कबूल केले की, परीक्षांचे स्तोम फार माजले असून जे लेखी परीक्षेत मोजता येत नाही त्याची हेळसांड होते.

परीक्षा हवीच. मूल कोठे अडले, हे तिच्यामुळे कळते. परंतु शाळेत जाल तेव्हा गुणांबरोबर हेही विचारा : ग्रंथालयाची पुस्तके मुलांच्या हाती जातात काय? प्रयोग मुले स्वतः करतात काय? वर्गातील सर्वांत कच्च्या मुलाकडे कोण पाहते?

आणि घरी एखादे दिवशी मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान द्या. ते त्याला वाचू द्या आणि काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या.