प्रकाशाद्वारे पुंजभौतिकीचा अभ्यास : चेन्नईची कसोटी

अणुरेणूंचे वर्तन गणिताने वर्तवणे नेहमीच्या संगणकाला कठीण जाते. कणांची संख्या वाढते, तसा गणनेचा भार झपाट्याने वाढत जातो. त्यासाठी पुंजनियमांनी चालणारी यंत्रणाच वापरावी, असा विचार अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला. प्रकाशकण, म्हणजेच फोटॉन, हे अशा यंत्रणेचे एक साधन आहे.

कार्यपद्धती

दोन एकसारखे फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच वेळी आले, तर ते नेहमी एकाच बाजूने जोडीने बाहेर पडतात. हा परिणाम १९८७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाला. अशा आरशांचे जाळे रचून रेणूच्या कंपनांसारख्या प्रश्नांचे प्रतिरूप उभे करता येते. कोणत्या मार्गाने किती फोटॉन बाहेर पडले, याच्या मोजणीतून उत्तर मिळते. चीनमधील 'जिउझांग' या यंत्रणेने २०२० मध्ये ७६ पर्यंत फोटॉन टिपले.

मुख्य अडचण

मार्गात प्रकाश वाया गेल्यास झोतांमधील पुंज-गुंफण क्षीण होते. गुंफण नष्ट झाली, तर अशा यंत्रणेची नक्कल साधा संगणकही करू शकतो. त्यामुळे गुंफण खरोखरच आहे की नाही, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ही कसोटी चेन्नई येथील गणितीय विज्ञान संस्थेचे आर. सायमन यांनी २००० मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात मांडली. प्रकाशझोताला स्थान आणि संवेग यांसारखे दोन घटक असतात. दोनपैकी एकाच झोताच्या संवेगाचे चिन्ह गणितात उलटवले, म्हणजे जणू त्याचे आरशातील प्रतिबिंब घेतले, आणि मिळालेली स्थिती अनिश्चिततेच्या तत्त्वात बसली नाही, तर झोत गुंफलेले आहेत, हे निश्चित होते. घंटाकृती आलेखाने वर्णिल्या जाणाऱ्या, अर्थात गाउसी स्थितीतील दोन झोतांसाठी ही कसोटी निर्णायक आहे. जिउझांगमध्ये वापरलेला प्रकाशही गाउसी प्रकारचाच होता. त्याच वर्षी दुआन, गिडके, सिरॅक आणि झोलर यांनीही स्वतंत्रपणे अशीच कसोटी मांडली.

चेन्नईची परंपरा

अल्लादी रामकृष्णन यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे संचालकपद पुढे ई. सी. जी. सुदर्शन यांनी भूषवले. प्रकाशाच्या पुंजस्थितींचे मूलभूत गणिती वर्णन त्यांनी १९६३ मध्ये केले होते. राष्ट्रीय क्वांटम अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याअंतर्गत क्वांटम दळणवळणाचे केंद्र आयआयटी मद्रासकडे सोपवण्यात आले. दळणवळण असो वा प्रतिरूप, प्रकाशातील नाजूक पुंजगुण वाटेत टिकवणे, हेच दोन्हींपुढील समान आव्हान आहे.