ढोलाची भाषा : खूण की उच्चार?

आफ्रिकेच्या वनप्रदेशांत ढोल वाजवून दूरच्या गावी निरोप पोचविण्याची पद्धत फार जुनी आहे. युरोपीय प्रवाशांना तिचे अस्तित्व ठाऊक होते. तिचे मर्म मात्र त्यांना दीर्घकाळ उमगले नाही. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याने १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात काँगो नदीवरील बेटवासीयांच्या प्रचंड ढोलांचा निर्देश केला व त्यांच्या संदेशवहनाची तुलना विद्युत्संदेशाशी केली. परिणामाच्या दृष्टीने ही तुलना योग्य असली, तरी तत्त्वाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी होय. तारायंत्रात अक्षरांऐवजी ठरीव खुणा योजिल्या जातात. ढोल मात्र उच्चारलेल्या भाषेचेच अनुकरण करतो.

हे कसे घडते, याचे उत्तर तेथील भाषांच्या स्वरूपात आहे. मराठीत आवाजाच्या चढउताराने प्रश्न, विस्मय किंवा कोप व्यक्त होतो. शब्दाचा मूळ अर्थ त्यामुळे पालटत नाही. काँगोच्या वरच्या खोऱ्यातील केले भाषेत मात्र प्रत्येक अक्षराला उच्च अथवा नीच सूर असतो व सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘लिसाका’ या एकाच ध्वनिसमूहाचे सुरांच्या भेदाने डबके, वचन आणि विष असे तीन अर्थ होतात. तेथील ढोल म्हणजे अरुंद फट पाडून आतून पोखरलेला ओंडका. फटीच्या दोन कडांवर आघात केला असता दोन भिन्न सूर निघतात आणि बोलण्यातील सूर व लय त्यांवर उतरविता येतात.

तथापि स्वर आणि व्यंजने ढोलावर वाजविता येत नाहीत. ‘सोंगे’ म्हणजे चंद्र व ‘कोको’ म्हणजे कोंबडी. या दोन्ही शब्दांचे सूर सारखेच. मग ऐकणाऱ्याने भेद कसा ओळखावा? १९३८ पासून काँगोत राहिलेल्या जॉन कॅरिंग्टन या मिशनऱ्याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची उकल केली. वादक केवळ ‘चंद्र’ म्हणत नाही. ‘जमिनीकडे पाहणारा चंद्र’ म्हणतो. कोंबडीसाठी ‘किओकिओ करणारी लहानगी कोंबडी’ असा शब्दबंध वाजवितो. लांबी वाढली की सुरांची आकृती वेगळी होते आणि संदिग्धता उरत नाही. परक्यांना जो पाल्हाळ वाटला, ती वस्तुतः अर्थाच्या रक्षणाची योजना होती.

इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. केले समाजातील व्यक्तीच्या ढोलनामात स्वतःच्या नावामागून पित्याचे नाव व मातेचे गाव येई. म्हणजे एका हाकेतच कुळाची नोंद होई. घानातील अकान लोकांच्या ‘अतुंपान’ या ढोलांच्या जोडीतही एक ढोल उच्च व एक नीच सुराचा असतो. आर. एस. रॅट्रे याने १९२३ च्या आपल्या अशांतीविषयक ग्रंथात मांपाँग येथील ढोलांवर वाजविला जाणारा राजवंशाचा इतिहास नोंदविला.

अशा संहिता शब्दबंधांच्या ठरीव रूपात टिकतात. त्यामुळे बोलीतून लुप्त झालेले शब्दही त्यांत आढळतात. परंतु सुरांच्या खुणा वगळून त्या लिहून घेतल्या, तर ढोलाशी त्यांचे नातेच तुटते. कॅरिंग्टनच्या काळातच ढोलभाषा शिकणारे तरुण विरळ होऊ लागले होते. ज्या समाजाने आपला भूतकाळ ढोलावर जतन केला, त्याला लिखित साधनांच्या अभावी इतिहासहीन ठरविणे हा साधनांचा नव्हे, ऐकणाऱ्याचा दोष होय.