शेगडीच्या जाळीची करकर : सुपेला येथील घरगुती विस्तवाचा इतिहास

भिलाईच्या औद्योगिक इतिहासाची साधने विपुल आहेत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेला भारत-सोव्हिएत करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन यांची नोंद सर्वत्र आढळते. परंतु त्याच परिसरात घरोघरी पेटणाऱ्या कोळशाच्या शेगडीचा इतिहास लिहिला गेलेला नाही. ग्रेट ईस्टर्न रोडलगतचे सुपेला हे कारखान्याच्या आखीव सेक्टरांबाहेरचे गाव. कारखान्याबरोबर ते वस्ती आणि बाजारपेठ म्हणून वाढले. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भाशी जोडलेल्या या भागात मराठी कुटुंबेही स्थिरावली. त्यांच्या शेगडीचा आवाज, तो शांत करण्याची रीत आणि त्यासाठी भाषेने राखलेले शब्द यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम जाळीचे कारण पाहू. पारंपरिक मातीच्या चुलीला जाळी लागत नाही. लाकडाची राख अल्प, शेकडा एक-दोन भाग. ती विस्तवाखाली निमूट बसते. भारतीय कोळशाची गोष्ट वेगळी आहे. शेकडा तीस भागांहून अधिक राख देणारा कोळसा येथे नवलाचा नाही. ही राख वेळोवेळी खाली पाडली नाही, तर हवा अडते आणि निखारे विझतात. म्हणून बादलीला आतून माती लिंपून केलेल्या शेगडीत आडव्या लोखंडी सळ्या घालतात, खाली हवेसाठी व राखेसाठी तोंड ठेवतात आणि मधूनमधून जाळी हलवतात. झोतभट्टीत मात्र जाळी नसते. तेथे चुनखडीच्या योगाने राखेचा द्रवरूप मळ होतो आणि तो वाहून जातो. कारखान्यात जे काम रसायन करते, ते घरात गृहिणीच्या हाताला करावे लागते. करकर या कामातूनच निघते.

ज्या शेगडीत सळ्या पत्र्याच्या भोकांतून आरपार काढलेल्या असतात, तिच्यात लोखंडावर लोखंड घासते आणि मध्ये राखेची कच असते. त्यात उष्णतेची भर पडते. पंचवीस सेंटिमीटर लांबीची सळई सहाशे अंशांनी तापली, तर सुमारे दोन मिलिमीटर वाढते. थंड असताना घट्ट बसवलेली सळई म्हणूनच तापल्यावर अडकते व हलवताना करकरते. यावर तेल घालणे निरुपयोगी ठरते, कारण तेल जळते, धूर करते आणि त्याचा चिकट थर राखेला धरून ठेवतो. खरा उपाय तीन भागांचा आहे : शेगडी थंड असताना भोकांतील कच व गंज खरवडणे, सळईला वाढण्यापुरती जागा ठेवणे आणि टोकांना, म्हणजे तुलनेने कमी तापणाऱ्या भागाला, ग्राफाइटची कोरडी पूड लावणे. शिसपेन्सिलीच्या कांडीतही हेच ग्राफाइट असते.

या शांततेचे मोल पाळ्यांच्या वस्तीत विशेष असते. झोतभट्टी रात्री विझवता येत नाही, त्यामुळे कोणी ना कोणी रात्रपाळी करून पहाटे परततोच. घरातील विस्तव जागा होण्याची वेळ आणि त्याच्या झोपेची वेळ एकच असते. एका खोलीच्या घरात जाळीची करकर म्हणजे त्याच्या झोपेवर आघात. त्यामुळे जाळी शांत राखणे हे त्या घरातील श्रमव्यवस्थेचे अंग ठरते, आणि त्या श्रमाची गणना कोणत्याही वेतनपत्रकात होत नाही.

आता भाषेकडे वळू. सळई सैल असली तर खडखड, अडकली तर करकर आणि बारीक घासली तर किरकिर. मराठीने आवाजावरूनच दोषाचे निदान करून ठेवले आहे. शिवाय हे शब्द वस्तूंपुरते राहत नाहीत. मूल किरकिर करते, माणूस कुरकुर करतो. घर्षणाचा ध्वनी येथे तक्रारीचे नाव होतो. इंग्रजीत विस्तवाच्या जाळीचे नाम आणि कर्कश घासण्याचे क्रियापद एकरूप आहेत. पण पहिले लॅटिनमधून आलेले आहे, दुसऱ्याचे मूळ जर्मानिक आहे. तेथील एकरूपता योगायोगाची, तर मराठीतील नाते ध्वनी आणि अनुभव यांच्या सान्निध्यातून आलेले.

शेगडीचे नाते संस्कृत ‘शकटी’शी, म्हणजे छोट्या गाडीशी, लावले जाते. अमरकोशात ‘अंगारशकटी’बरोबर ‘हसन्ती’ हाही पर्याय आहे : हसणारी. अंगणात पेटवून धूर सरल्यावर उचलून आत आणायची ही वस्तू फिरती आहे. चूल स्थिर आहे. वेगळी चूल मांडता येते, घरोघरी मातीच्या चुली असतात; वेगळी शेगडी मात्र कोणी मांडत नाही. कुटुंबसंस्थेचे रूपक चुलीने व्यापले. शेगडीकडे आला तो ‘शेक-शेगडी’ हा बाळंतिणीच्या शुश्रूषेचा शब्दप्रयोग. छत्तीसगढीतील ‘गोरसी’ हे निखाऱ्यांचे मातीचे भांडेही बाळंतिणीच्या उबेसाठी वापरले जाते. सुपेला येथे या दोन भाषा शेजारी नांदतात आणि या दोन शब्दांमागे एकच शुश्रूषा उभी आहे.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची जोडणी गरीब घरांपर्यंतही पोहोचू लागली. धुरापासूनची ही सुटका इष्टच आहे. मात्र जाळीबरोबर ती हलवण्याची आणि गप्प करण्याची विद्याही मागे पडते. ही विद्या कागदावर कधी आलीच नाही. तिचा माग ध्वनिवाचक शब्दांतून आणि बोलीच्या शेजारातूनच काढावा लागतो. औद्योगिक भारताच्या साहित्याचा तुलनात्मक अभ्यास करताना झोतभट्टीच्या प्रतिमांइतकेच या घरगुती शब्दांकडेही साधन म्हणून पाहावयास हवे.