आतड्यात अचानक अडथळा: साधी बद्धकोष्ठता नव्हे, हे कसे ओळखावे?

पोट दुखते, संडास होत नाही, म्हणजे बद्धकोष्ठता असेल असे समजून घरोघरी एरंडेल तेल किंवा मेडिकलमधून आणलेले जुलाबाचे औषध दिले जाते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण आतड्याचा मार्गच बंद झाला असेल, तर तेच औषध जिवावर बेतू शकते. आमगाव, सालेकसा, देवरी भागातील खेड्यांतून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. म्हणून हा आजार घरच्यांनी लवकर ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

नेमके काय होते?

लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यातील रस मिळून रोज साधारण ७ ते ८ लिटर पाचक द्रव तयार होतो. त्यातला बहुतेक भाग आतडे पुन्हा शोषून घेते. मार्ग बंद झाला की हा द्रव आणि गॅस अडथळ्याच्या वर साचतो. पोट फुगते, उलट्या होतात, शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात.

आतड्याला पीळ पडला किंवा ते हर्नियात आवळले गेले, तर त्याचा रक्तपुरवठाही बंद होतो. असे आतडे काही तासांत काळे पडून सडू लागते. ते फुटले तर संसर्ग पोटभर पसरतो.

कारणे

- जुने ऑपरेशन: अपेंडिक्स, गर्भाशय किंवा पोटाच्या इतर ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात. त्रास अनेक वर्षांनीही होऊ शकतो.
- हर्निया: जांघेत किंवा बेंबीजवळ फुगवटा येतो. "रोवणी आटोपली की बघू, धान घरात आला की बघू" म्हणत कित्येक जण ऑपरेशन पुढे ढकलतात. स्त्रिया तर संकोचाने सांगतच नाहीत.
- आतड्याचा क्षयरोग: आतडे आतून अरुंद होते. आधी काही महिने बारीक ताप, वजन घटणे, जेवल्यावर पोटात कळ येणे असा त्रास असू शकतो. खोकला नसला तरी क्षयरोग असू शकतो.
- मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा पीळ: हे जास्त करून उतारवयात आढळते.
- लहान मुलांत: आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. साधारण ६ महिने ते २ वर्षांच्या बाळांत हे जास्त दिसते. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळते. पुढे लालसर, चिकट शी होते. मोठ्या मुलांत जंतांचा गोळाही मार्ग अडवू शकतो.

लक्षणे

चार गोष्टी पाहा:

१. पोटात लाटेसारखी येणारी-जाणारी कळ
२. उलट्या, विशेषतः हिरव्या किंवा शेणासारखा वास येणाऱ्या
३. पोट फुगणे
४. संडास आणि गॅस दोन्ही बंद होणे

साध्या बद्धकोष्ठतेत गॅस सहसा सरतो आणि हिरव्या उलट्या होत नाहीत. मात्र एका गोष्टीने फसू नका. अडथळ्याच्या खाली आधीच साचलेला मळ सुरुवातीला बाहेर पडू शकतो. त्यामुळे "एकदा संडास झाली" म्हणजे धोका टळला असे नाही.

हे दिसल्यास एक मिनिटही थांबू नका: येणारी-जाणारी कळ सतत दुखू लागणे, ताप, पोट हात लावू न देण्याइतके दुखणे किंवा कडक होणे, नाडी वेगाने चालणे, घाम, लघवी कमी होणे, हर्नियाची गाठ टणक होऊन आत न जाणे.

निदान

डॉक्टर पोट तपासतात, जुन्या टाक्यांच्या खुणा आणि दोन्ही जांघा पाहतात. तपासताना लाज बाळगू नका. निदान बऱ्याचदा तिथेच होते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत फुगलेली आतडी आणि त्यांतील पाण्याच्या पातळ्या दिसतात. बाळांमध्ये सोनोग्राफी फार उपयोगी पडते. अडथळा कुठे आहे, कशामुळे आहे आणि रक्तपुरवठा ठीक आहे का, हे सीटी स्कॅनमधून सर्वांत चांगले कळते. रक्ताच्या तपासणीत क्षार आणि किडनीचे काम पाहतात.

उपचार

सुरुवातीला तोंडाने सर्व बंद, शिरेतून सलाईन, नाकातून पोटात नळी आणि लघवीची नळी. नाकातली नळी पाहून नातेवाईक घाबरतात. पण तिच्यातून साचलेला द्रव निघतो, फुगवटा उतरतो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो.

ऑपरेशन प्रत्येकालाच लागत नाही. चिकटलेल्या आतड्यांचा अडथळा बऱ्याच जणांत नळी आणि सलाईनवर सुटतो. त्यासाठी सर्जनच्या देखरेखीखाली दोन-तीन दिवस वाट पाहता येते. घरी वाट पाहणे वेगळे. ते करू नका. बाळाचे आतडे अनेकदा गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून सरळ करता येते. मोठ्या आतड्याचा पीळ काही वेळा दुर्बिणीने सोडवतात.

आतडे आवळले, सडले किंवा फुटले असेल, तर ऑपरेशन ताबडतोब करावे लागते. सडलेला भाग काढून टाकतात. कधी संडासची वाट पोटावर काढावी लागते. ती बऱ्याचदा काही महिन्यांनी बंद करता येते.

घरच्यांनी काय करावे?

- जुलाबाचे औषध, एरंडेल, एनिमा देऊ नका. पोट चोळू नका.
- पाणी, चहा, जेवण काहीही देऊ नका.
- हर्नियाची गाठ जोराने आत ढकलू नका.
- वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शनने बरे वाटले म्हणून घरी थांबू नका.
- १०८ वर फोन करा. जवळच्या डॉक्टरकडे सलाईन आणि नळी लावून मिळत असेल तर ते करून, सर्जन असलेल्या रुग्णालयात जा. आमगावहून गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.
- जुन्या ऑपरेशनचे कागद, चालू गोळ्या, आधार, रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

पुन्हा होऊ नये म्हणून

हर्निया असेल तर सर्जनला दाखवून ऑपरेशनची तारीख ठरवा. अडकल्यावर तेच ऑपरेशन जास्त धोक्याचे होते. क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. बरे वाटले तरी मध्येच सोडू नका. पन्नाशीनंतर संडासची सवय बदलली, रक्त पडू लागले किंवा वजन घटले, तर मूळव्याध समजून बसू नका, तपासून घ्या.