सविकल्प समाधी

सविकल्प समाधी : ललित वाङ्मय वाचताना वाचक मनाने पात्राच्या जागी जातो आणि तरीही स्वतःचे भान सोडत नाही, या दुहेरी अवस्थेला नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७) यांनी दिलेले नाव. १९२१ मध्ये बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ही कल्पना मांडली आणि वाङ्मयानंदाचे कारण याच अवस्थेत शोधले. संज्ञा वेदान्तातील आहे. ज्ञाता, ज्ञान व ज्ञेय हा भेद ज्या समाधीत जाणवत राहतो ती सविकल्प आणि ज्या समाधीत तो मावळतो ती निर्विकल्प. केळकरांनी तिचा पारमार्थिक आशय बाजूला ठेवून ती लौकिक अनुभवाला लावली.

माणसाच्या वाट्याला एकच देह आणि एकच परिस्थिती येते, मनाला मात्र इतरांच्या भूमिकाही अनुभवाव्याशा वाटतात आणि ही ओढ वाङ्मय कोणतीही झळ न लागू देता पुरवते, अशी या उपपत्तीची बैठक आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. ती वाचणारा पुरुषही तिच्या वैधव्याचे दुःख काही काळ आतून भोगतो, पण आपण पुस्तक वाचत आहोत हे त्याला ठाऊक असल्यामुळेच ते दुःख त्याला पुन्हा वाचावेसे वाटते. हे भान सुटले की काय होते, याचे वाङ्मयातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सर्व्हान्तेसचा दोन किहोते (पूर्वार्ध १६०५) : शौर्यकथा वाचून तो स्वतःला सरदार समजतो आणि पवनचक्क्यांवर धावून जातो.

खलपात्राशी वाचक एकरूप कसा होईल, हा या उपपत्तीवरील नेहमीचा आक्षेप. वाचक एकाच पात्राला बांधलेला नसतो, तो आलटून पालटून अनेकांच्या भूमिकांत शिरतो, असे उत्तर त्यावर देता येते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सुमार रहस्यकथाही वाचकाला गुंगवते. तेव्हा तादात्म्याने वाचनाची गोडी उलगडते, कलाकृतीची गुणवत्ता नव्हे. पुढे बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यविचाराचा भर लयतत्त्वावर, म्हणजे कलाकृतीच्या घटकांतील परस्परसंबंधांच्या रचनेवर दिला, आणि त्या दिशेने पाहता वाचकाच्या समाधीचा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कडेला जातो.

केळकरांची कल्पना रसचर्चेतील साधारणीकरणाचेच नवे रूप आहे काय, याविषयी मतभेद संभवतात. साधारणीकरण म्हणजे पात्राच्या भावनेचे व्यक्तिविशिष्टत्व गळून ती सर्वांना आस्वाद्य होणे. ही कल्पना भट्टनायकाची. त्याचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ लुप्त असून त्याचे मत मुख्यतः अभिनवगुप्ताने केलेल्या परामर्शातून कळते. भावना ‘माझी’ किंवा ‘दुसऱ्याची’ म्हणून धरून ठेवणे हे अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादातील विघ्न आहे, तर केळकरांच्या मांडणीत ‘मी’ आणि ‘तो’ दोघेही जागे असतात. त्यामुळे दोन्ही मते सरसकट एक मानणे घाईचे ठरेल.

पाश्चात्त्य विचारात कोलरिजने १८१७ मध्ये वर्णिलेले अविश्वासाचे स्वेच्छेने केलेले निलंबन या कल्पनेच्या जवळचे आहे.

मानसशास्त्रात मेलनी ग्रीन व टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये कथेत ‘वाहून जाण्याचे’ प्रमाण मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. जेफ कॉफमन व लिसा लिबी यांच्या २०१२ मधील प्रयोगांचा निष्कर्ष मात्र केळकरांना अडचणीचा आहे : आरशासमोर बसून वाचणाऱ्यांत, म्हणजे ज्यांचे आत्मभान जागे ठेवले होते त्यांच्यात, पात्राचा अनुभव आपलासा करण्याची क्रिया मंदावलेली आढळली. अर्थात या प्रयोगांत मोजली गेली ती एकरूपता. आस्वादातील आनंद नव्हे.